नव्वद टनांची खोली

जुन्या ठाण्यात बँकेची जुनी इमारत ओळखायची असेल तर पाटीकडे बघू नका, पाट्या बदलतात. जोतं बघा. शेजारच्या दुकानांचं जोतं एखाद्या पायरीचं असतं. बँकेला घडीव काळ्या दगडाच्या तीन-चार पायऱ्या चढून जावं लागतं. मग इमारतीला वळसा घाला. तीन बाजूंना उंच खिडक्या, खिडक्यांना चौकोनी गजांच्या जाळ्या आणि वर झरोके दिसतील. चौथ्या बाजूला, बहुधा मागच्या कोपऱ्यात, भिंतीचा एक पट्टा अगदी आंधळा असेल. ना खिडकी, ना झरोका. फार तर माणसाच्या डोक्याच्या वर एक बोटभर जाडीची लोखंडी नळी बाहेर डोकावत असेल. त्या भिंतीमागे स्ट्राँगरूम, म्हणजे रोकड आणि दागदागिने ठेवायची भक्कम खोली आहे. ही इमारत समजून घ्यायची तर तिथून सुरुवात करावी. दर्शनी खांब आणि कमानी नंतर बघितल्या तरी चालतात.

ठाण्यात पैसा बँकेच्या आधीपासून होता आणि तो कचेरीच्या खजिन्यात राहत होता. ठाणं जिल्ह्याचं मुख्य ठिकाण, त्यामुळे महसूल इथे जमा होई. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला आली आणि बाजार स्टेशनच्या दिशेने सरकायला लागला. १८६३ मध्ये नगरपालिका झाली. कोर्ट नाका (कचेरी), जांभळी नाका (घाऊक बाजार), तलावपाळी (तलावाचा काठ) आणि स्टेशन ही चार ठिकाणं मनाशी जोडा. सरकारी तिजोरी, घाऊक बाजार आणि रेल्वे या तिन्हींमध्ये पायी जाण्याइतकंच अंतर आहे. रोकड हातगाडीतून किंवा टांग्यातून न्यायची तर रस्ता जितका थोडा तितका बरा, म्हणून बँकेला हाच टापू सोयीचा.

बँकेला इतकं जड का दिसायचं असे, याचं उत्तर ठेवीदाराच्या भीतीत आहे. बँक ऑफ बॉम्बे १८४० साली सुरू झाली, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले तेव्हा सट्ट्यात अडकली आणि १८६८ मध्ये बुडाली. तिच्या जागी त्याच वर्षी नवी बँक उभी राहिली. ती, बंगालची आणि मद्रासची अशा तीन प्रेसिडेन्सी बँका (इंग्रजांच्या तीन मोठ्या इलाख्यांच्या बँका) १९२१ मध्ये एकत्र येऊन इंपीरियल बँक झाली. पाच वर्षांत १०० नव्या शाखा उघडायच्या अशी अट तिच्यावर होती. तीच १ जुलै १९५५ ला स्टेट बँक झाली. या सगळ्या काळात सामान्य माणसाच्या ठेवीला कसलंही विम्याचं कवच नव्हतं. ते आलं १ जानेवारी १९६२ पासून, तेही माणशी १,५०० रुपयांपर्यंत. (आज ही मर्यादा ५ लाख आहे.) तोवर ठेवीदाराच्या हातात दोनच गोष्टी होत्या: संचालकांची नावं आणि डोळ्यांसमोरची इमारत. घडीव दगडाचं जोतं आणि दीड फूट जाडीच्या भिंती हा त्या काळचा ठेवविमा होता असं मला मनापासून वाटतं. त्या जाड भिंतीकडे दिखावा म्हणून बघणं अन्यायाचं आहे.

आता वजनाकडे येऊ. एक मध्यम आकाराची स्ट्राँगरूम घ्या: आतून साडेतीन मीटर बाय चार मीटर, उंची तीन मीटर. सिमेंट-काँक्रीटच्या भिंती ४५ सेंटिमीटर, तळ आणि छत ३० सेंटिमीटर. सळ्यांसकट काँक्रीटचं वजन घनमीटरला २,५०० किलो धरतात. भिंतींची मधल्या रेषेवरची लांबी १६.८ मीटर; उंची आणि जाडीने गुणलं की साडेबावीस घनमीटरहून थोडं जास्त, म्हणजे जवळजवळ ५७ टन. तळ आणि छत प्रत्येकी १६ टन. बेरीज ८९. दाराचं वेगळं. दोन मीटर बाय ९० सेंटिमीटरचं पोलादी पान जाडीच्या दर मिलिमीटरला १४ किलो भरतं. पन्नास मिलिमीटर भरीव पोलाद धरलं तर नुसतं पान सातशे किलो. चौकट, बोल्ट आणि कुलपं धरून एक टन कुठेच गेला नाही. म्हणजे रिकामी खोली नव्वद टनांची. तिजोऱ्या, लॉकरची कपाटं आणि नाण्यांच्या थैल्या अजून यायच्याच आहेत. राहत्या घराच्या मजल्यावर चौरस मीटरला २०० किलो भार धरतात. इथे नुसत्या काँक्रीटचाच ४,००० किलोंच्या वर जातो. स्ट्राँगरूम नेहमी तळमजल्यावर, जमिनीवर बसलेली का असते ते इथे कळतं.

या इमारतींची खरी गुंतागुंत अशी की हॉल आणि स्ट्राँगरूम अनेकदा एका वयाचे नसतात. हॉल चुन्यातल्या विटांचा, सागवानी कैच्यांचा (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटींचा), वर मंगलोरी कौलं. स्ट्राँगरूम त्यानंतर काही दशकांनी, सिमेंट सहज मिळायला लागल्यावर, मागच्या अंगणात किंवा हॉलचाच एक कोपरा फोडून ओतलेली. एका छपराखाली दोन स्वभाव नांदत असतात. चुन्याची भिंत मऊ असते. थोडी वाकते, ओल पिते आणि सोडते. काँक्रीटचा ठोकळा यातलं काहीच करत नाही. आणि पुढची सगळी भांडणं याच सांध्यावर होतात.

हॉलच्या भिंतीचा हिशोब करून बघा. सहा मीटर उंच, ४५ सेंटिमीटर जाड विटांची भिंत धावत्या मीटरला सुमारे पाच टन भरते. तिचा पाया मीटरभर रुंद असेल तर जमिनीवर चौरस मीटरला पाच टन दाब येतो. स्ट्राँगरूमचाही साधारण तेवढाच येतो, चारहून थोडा जास्त. मग स्ट्राँगरूमच जास्त का खचते? एक तर हॉल आपल्या वाट्याचं खचून मोकळा झालेला असतो आणि ही नंतर येऊन बसते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. अरुंद पाया जमिनीत दोन-तीन मीटर खोलपर्यंतच दाब पोचवतो. साडेचार मीटर रुंदीचा ठोकळा सात-आठ मीटर खालची मातीही दाबतो. ठाण्यात टेकडीच्या बाजूला थोडं खणलं की मुरूम आणि काळा खडक लागतो, तिथे फरक पडत नाही. खाडीच्या अंगाला, चेंदणी-महागिरीकडे, खाली चिकट काळा गाळ असतो आणि तो वर्षानुवर्षं हळूहळू दबत राहतो.

म्हणून भेग दिसली की आधी ती वाचावी. स्ट्राँगरूमचं टोक खाली जात असेल तर हॉलच्या भिंतीत तिरकी, विटांच्या सांध्यांवरून पायऱ्या चढत जाणारी भेग पडते, आणि ती वर रुंद, खाली बारीक असते. भिंतीचा मधला भाग खचत असेल तर उलट, भेग खाली रुंद. छताच्या गर्डरच्या रेषेत आडवी भेग असेल तर तो गंज आहे. त्याचा पायाशी संबंध नाही. आणि नुसत्या गिलाव्यात जाळीसारख्या बारीक रेघा पडून टिचकी मारल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर भिंत ठणठणीत आहे, वरचं सिमेंट सुटलं आहे. या चार भेगांची औषधं चार वेगळी आहेत. सरसकट सगळ्यांत सिमेंटचं पाणी पंपाने भरणं हा सर्वांत वाईट उपाय, आणि दुर्दैवाने सर्वांत लोकप्रिय.

भेग जिवंत आहे की जुनी, हे बघायला महागडं यंत्र लागत नाही. भेगेवर आडवी पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवायची, शेजारी तारीख लिहायची. काच तडकली म्हणजे हालचाल चालू आहे. किती, हे हवं असेल तर भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक पितळी खिळा बसवून व्हर्नियरने (बारीक अंतर मोजायच्या पट्टीने) अंतर मोजत राहायचं. मात्र पूर्ण वर्षभर मोजावं. मे महिन्यात उघडलेली भेग ऑगस्टमध्ये मिटते, कारण माती पाणी पिऊन फुगते. दोन महिन्यांच्या नोंदीवर निकाल देणाऱ्याचं ऐकू नये. हालचाल थांबलेली असेल तर विटा काढून चुन्यात पुन्हा बांधता येतात आणि आडव्या सांध्यांत स्टेनलेस स्टीलच्या सळ्या बसवून भिंत शिवता येते. थांबली नसेल तर दोन्ही बांधकामं एकमेकांपासून मोकळी करावीत. स्ट्राँगरूमची भिंत हॉलच्या विटांत दात देऊन अडकवलेली असते, ते दात कापायचे, उभी फट स्वच्छ ठेवायची आणि वरून सागवानी पट्टी एकाच बाजूला खिळवायची. दोन्ही बाजूंना खिळवली की पहिल्याच पावसात फाटते.

पाण्याचा विषय निघाला की हात आखडता घेणं कठीण. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. जुन्या भिंतीखाली ओल रोखणारा थर नसतो. जमिनीतली ओल भिंतीत साधारण मीटरभर चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून उडून जाते. असा हिशोब शतकभर व्यवस्थित चालतो. मग कुणीतरी खालची खपली बघून तिथे कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा मारतं, वर ऑइलपेंट. ओल आत अडकते, वाट शोधत सिमेंटच्या वरच्या काठापर्यंत जाते आणि तिथून बाहेर पडते. पुढच्या वर्षी खपली छातीशी. तिथे पुन्हा सिमेंट. काही वर्षांत ओल खिडकीच्या चौकटीला भिडते आणि सागवानाच्या टोकाला वाळवी लागते. ओलीबरोबर क्षारही चढतात. पाणी उडालं की क्षारांचे खडे विटेच्या पोटात वाढतात आणि वीट पिठासारखी झडते. आत चुना, बाहेर सिमेंट असलेल्या भिंतीवर हात फिरवला की सिमेंटचा पापुद्रा तसाच राहतो आणि मागून लाल पीठ गळतं. हे मीठ पुष्कळदा गवंड्यानेच घातलेलं असतं. खाडीची रेती न धुता वापरली की ते आयतंच भिंतीत जातं. रेतीबंदरच्या इतक्या जवळ राहणाऱ्या गावाला हे नव्याने सांगायची वेळ यावी, याचं वाईट वाटतं.

दुरुस्ती अशी करावी. सिमेंट हाताच्या छिन्नीने, हलक्या हातोडीने काढायचं, यंत्राने नाही. यंत्राच्या थरथरीने विटांचे सांधे सुटतात. ओलीच्या रेषेच्या वर आणखी फूट-दीड फूट काढायचं. सांधे दोन-अडीच सेंटिमीटर खोल खरवडायचे. मग भिंत उघडी ठेवायची आणि वाळू द्यायची. सगळ्यांना जड जातं ते हेच, कारण काम बंद पडल्यासारखं दिसतं. क्षार जास्त असतील तर कागदाचा लगदा आणि माती कालवून त्याचा लेप लावायचा. तो वाळताना मीठ ओढून घेतो, मग खरवडून फेकायचा, दोन-तीन वेळा.

नव्या गिलाव्याला मुरलेला चुना, सुरखी (कुटलेल्या विटेची पूड) आणि धुतलेली रेती साधारण समभाग. चुना विरवल्यावर (कळीचा चुना पाण्यात फोडल्यावर) पाण्याखाली निदान तीन आठवडे ठेवावा. महिने ठेवला तर लोण्यासारखा होतो. न विरलेला कण राहिला तर तो गिलाव्यात नंतर फुटतो आणि पृष्ठभागावर वाटाण्याएवढे खड्डे पडतात. सुरखीसाठी कमी भाजलेली वीट लागते. भट्टीत काळी पडलेली खंगर वीट कुटून घातली तर ती नुसती रेतीसारखी बसते, चुन्याशी तिची गाठ पडत नाही, आणि मग लोक म्हणतात चुना टिकत नाही. थर बारा मिलिमीटरपेक्षा जाड नको. प्रत्येक थर ओल्या गोणपाटाखाली आठ-दहा दिवस. भर उन्हाळ्यात चुना हवेशी जुळण्याआधी वाळतो, पावसाळ्यात वाळतच नाही. म्हणून पाऊस गेल्यावर, दिवाळीच्या सुमाराला सुरू करून फेब्रुवारीपर्यंत आटपावं. वर चुन्याचीच सफेदी. प्लास्टिक रंग लावला तर केलेलं सगळं वाया.

हॉलच्या मागे किंवा पोटमाळ्याखाली अनेक ठिकाणी लोखंडी गर्डर आणि त्यांच्यामध्ये विटांच्या बसक्या कमानी अशी छतं आहेत. गर्डरमधलं अंतर मीटर ते दीड मीटर, कमान अर्ध्या विटेची. प्रत्येक कमान शेजारणीला ढकलते, आणि शेवटची भिंतीला. म्हणून टोकाच्या गाळ्यात गर्डरना आडवे लोखंडी बांध घातलेले असतात. नळ्या किंवा वायरी नेताना ‘मध्ये येतो’ म्हणून कुणी तो बांध कापला असेल, तर पहिली भेग तिथेच शोधा. गंजलेलं लोखंड मूळच्या दुप्पट ते सहापट जागा मागतं, त्यामुळे गर्डरचा खालचा पट्टा फुगून विटा ढकलतो. मधला भाग दिसतो तेवढा धोक्याचा नसतो. भिंतीत गेलेलं टोक बघावं. दोन विटा काढून, खपल्या झाडून, उरलेली जाडी मोजावी. हॉलला वातानुकूलन बसवताना यंत्राच्या पाण्याची नळी नेमकी या टोकापाशी भिंतीत सोडलेली सापडते. शिवाय खोटं छत घालून झरोके बंद केलेले असतात, त्यामुळे वर काय चाललं आहे ते कुणाला दिसत नाही आणि दमट हवा कोंडते. जोड द्यायचा तर नटबोल्टने द्यावा. जुनं लोखंड वेल्डिंगला भरवशाचं नसतं, आणि जवळच सुकं सागवान असतं.

गच्ची असेल तर कोबा (पाणी अडवायला घातलेला जाड थर) किती वेळा घातला आहे ते शोधा. गळती लागली की जुन्यावर नवा घालायची आपल्याकडे सवय आहे. दहा सेंटिमीटर विटांच्या तुकड्यांचा कोबा चौरस मीटरला दोनशे किलोंच्या आसपास जातो. तीन थर म्हणजे सहाशे किलो, आणि गळती बहुतेक वेळा पन्हळीच्या तोंडाशी किंवा कठड्यातल्या पिंपळाच्या मुळाशीच असते. पिंपळ वरून छाटला की मुळं आणखी जाड होतात. ती विटा काढूनच, शेवटपर्यंत उपटावी लागतात.

फरशीबद्दल थोडंसं. या हॉलमध्ये नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या असतात. मुंबईत भारत टाइल्सने त्या १९२२ पासून बनवल्या, विलायती लाद्यांना स्वदेशी उत्तर म्हणून. काउंटरच्या बाहेरच्या बाजूला, जिथे लोक पैसे घ्यायला उभे राहत, तिथे नक्षी पुसट झालेली दिसते. आतल्या बाजूला ताजी. वरचा रंगीत थर काही मिलिमीटरचाच असतो. त्यावर पॉलिशचं यंत्र फिरवू नका, आणि ॲसिड तर अजिबात नाही, ॲसिड सिमेंट खातं. साधा साबण, पाणी आणि धीर.

आता ज्या कागदावर या इमारतींचं मरण लिहिलं जातं तो कागद. तीस वर्षांवरच्या इमारतीला संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते, आणि पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. व्यवस्था योग्यच आहे, माणसं वाचतात. चूक होते ती तपासणीत. काँक्रीटवर आपटायचा हातोडा आणि काँक्रीटमधून सोडायच्या ध्वनिलहरी चुन्याच्या भिंतीवर लावल्या जातात. चुन्याची भिंत मऊ, सांध्यांनी भरलेली. आकडा कमी येणारच. त्या आकड्यावर सशक्त हॉल सी-१ ठरतो. अशा भिंतीला वेगळी तपासणी लागते: सांध्यात चपटा जॅक बसवून प्रत्यक्ष दाब मोजणं, बारीक भोकातून कॅमेरा घालून पोट बघणं, चुन्याचा नमुना प्रयोगशाळेत देणं. काँक्रीटच्या चाचण्या स्ट्राँगरूमला लावाव्यात, तिथे त्या बरोबर आहेत. एकाच इमारतीचे दोन अहवाल मागा. मालकाने, भाडेकरूने, सोसायटीने, ज्याला जमेल त्याने हे लेखी मागावं. इमारत महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, हेही त्याआधी बघावं.

बँक निघून गेली की नवा मालक पहिला विचार स्ट्राँगरूम फोडण्याचा करतो. सावकाश. नव्वद टन काँक्रीट ब्रेकरने फोडताना जी थरथर होते ती शेजारची चुन्याची भिंत सोसत नाही, आणि इतका भार एकदम उतरला की दबलेली माती थोडी वर येते. थांबलेली भेग पुन्हा जागी होते. ती खोली तशीच ठेवून कागदपत्रांसाठी वापरणं शहाणपणाचं. आत हवा खेळत नाही म्हणून बुरशी येते. भिंतीत असलेली ती हवेची वाकडी नळी आधी मोकळी करा. ती मुद्दाम वाकडी केलेली असते, बाहेरून तार किंवा सळई सरळ आत जाऊ नये म्हणून. तिला छोटा पंखा जोडा आणि कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ठेवा.

दाराला दोन कुलपं असतात, कारण रोकड कुणा एकाच्या ताब्यात राहू नये हा बँकेचा जुना नियम: एक किल्ली कॅशियरकडे, दुसरी मॅनेजर किंवा अकाउंटंटकडे, आणि जोडीच्या किल्ल्या दुसऱ्या शाखेत. इमारत हातात घेताना दोन्ही किल्ल्या आणि त्या जोडीच्या किल्ल्याही मागून घ्या. नंतर त्या सापडत नाहीत. बिजागऱ्यांत वर्षातून एकदा ग्रीस भरा. कुलपात मात्र तेल ओतू नका, त्याने धूळ चिकटून आतल्या पट्ट्या अडतात. सुकी ग्राफाइटची पूड घाला. आणि दार उघडं असताना चाक फिरवून बोल्ट बाहेर काढून ठेवा. बोल्ट बाहेर असले की दार चौकटीत बसत नाही, आणि आत कुणी असताना ते चुकून लागत नाही.